एक रुग्ण, एक नोंद
राष्ट्रीय डिजिटल आरोग्यनोंदी : एक अभ्यास

रुग्णालय म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, रुग्णवाहिका आणि लगबगीने फिरणाऱ्या परिचारिका उभ्या राहतात. केसपेपर जपून ठेवण्याची खोली मात्र कोणाच्याही डोळ्यांसमोर येत नाही. बहुधा तळमजल्याच्या टोकाला असलेल्या या खोलीत लोखंडी कपाटे असतात, दोरीने बांधलेले गठ्ठे असतात आणि क्रमांक सांगताच योग्य फाईल काढून देणारा एखादा जुना कर्मचारी असतो. दुसऱ्यांदा आलेल्या रुग्णाच्या उपचाराची सुरुवात खरे पाहता याच खोलीतून होते. मागचे कळल्याशिवाय पुढचे ठरवता येत नाही, हा वैद्यकाचा मूलभूत नियम आहे.

हीच खोली संपूर्ण देशाची झाली तर काय होईल? मुंबईतील तपासणी नांदेडच्या डॉक्टरांना, आणि गडचिरोलीत दिलेले औषध नागपूरच्या डॉक्टरांना, रुग्णाच्या परवानगीने क्षणार्धात पाहता आले तर? राष्ट्रीय डिजिटल आरोग्यनोंदींची कल्पना थोडक्यात ही आहे. काही देशांत ती प्रत्यक्षात उतरली आहे, काही देशांत तिने मोठी ठेच खाल्ली आहे आणि भारतात तिची उभारणी सुरू आहे. विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय या तिघांचाही या विषयाशी निकटचा संबंध असल्याने त्याचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे उचित ठरेल.

नोंद कोणाची आणि कशासाठी?

आरोग्यनोंद म्हणजे केवळ केसपेपर नव्हे. रुग्णाची तक्रार, डॉक्टरांचे निदान, प्रयोगशाळेचे अहवाल, क्ष-किरण चित्रे, दिलेली औषधे, झालेल्या शस्त्रक्रिया, लसीकरण, न मानवणारी औषधे आणि घरी सोडताना दिलेले डिस्चार्ज कार्ड या सर्वांचा तो एकत्रित इतिहास होय.

हा इतिहास रुग्णालयाने लिहिलेला असला तरी तो रुग्णाच्या देहाचा इतिहास आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता नियमावलीत हे तत्त्व स्पष्ट दिसते. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवाव्यात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत त्या उपलब्ध करून द्याव्यात, असे बंधन तिने डॉक्टरांवर घातले. मात्र अनेक कुटुंबांना या हक्काची माहितीच नसते. शिवाय मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार असे आजार तीन वर्षांत संपत नाहीत. ते आयुष्यभर सोबत करतात. आजार दीर्घायुषी आणि कागद अल्पायुषी, ही आपली खरी अडचण आहे.

कागदाच्या मर्यादा

कागदाची निंदा करण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यानेच रुग्णसेवा तोलून धरली आहे. त्याला वीज लागत नाही, संकेतशब्द लागत नाही आणि वाचता येणाऱ्या कोणालाही तो उपयोगी पडतो. पण कागद एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो आणि माणूस मात्र फिरता आहे.

उदाहरणादाखल बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलेचा विचार करू. दसरा-दिवाळीनंतर ही कुटुंबे सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा सीमेपलीकडे बेळगावच्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. समजा, तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे आणि पहिले बाळंतपण गावाकडे झाले आहे. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी नावाचे इंजेक्शन द्यावे लागते. ते दिले गेले नाही तर आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये पुढच्या गर्भाच्या जिवावर उठू शकतात. दुसऱ्या खेपेस ती फडावरून जवळच्या रुग्णालयात येते तेव्हा रक्तगट काही मिनिटांत तपासता येतो; पण मागच्या वेळी ते इंजेक्शन मिळाले होते की नाही, हे रक्तगटाच्या तपासणीतून कळत नाही. ते नोंदीतूनच कळते आणि नोंद दोनशे-तीनशे किलोमीटर दूर एका पत्र्याच्या पेटीत असते.

पेनिसिलीन न मानवणारा रुग्ण बेशुद्धावस्थेत आला, तर त्याच्या वतीने बोलणारा कागदही कोणाजवळ नसतो. क्षयरोगाचा रुग्ण कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेला की कोणते औषध किती दिवस झाले हे सांगणे त्याला कठीण जाते. या अडचणीवर आपल्याच देशात एक उत्तर शोधले गेले आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय’ या क्षयरोग नोंद प्रणालीत रुग्ण स्थलांतरित झाल्यास त्याची नोंद नव्या ठिकाणच्या आरोग्य केंद्राकडे सोपवण्याची सोय आहे. एका आजारापुरते जे जमले, ते सर्व आजारांसाठी जमावे, अशी ही अपेक्षा आहे.

आपत्तीच्या वेळी कागद किती दुबळा ठरतो, याचा धडा अमेरिकेला ऑगस्ट २००५ मधील कतरिना चक्रीवादळाने दिला. न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले आणि असंख्य रुग्णांचे कागद नष्ट झाले. परंतु माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी आपल्या नोंदी आधीच संगणकावर आणल्या होत्या. त्यामुळे विस्थापित माजी सैनिक ज्या शहरात पोहोचले, तेथील त्यांच्या रुग्णालयात त्यांचा वैद्यकीय इतिहास उपलब्ध होता. कृष्णा-पंचगंगेच्या २०१९ च्या महापुरात घरेच्या घरे पाण्यात गेलेली आपण पाहिली आहेत. कपाटातील रिपोर्टांच्या पिशवीची अशा वेळी काय गत होते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

भारताची वाटचाल

आपल्या देशात या विषयाची पायाभरणी टप्प्याटप्प्याने झाली. केंद्र शासनाने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके प्रसिद्ध केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. या मानकांच्या प्रसारासाठीचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातील सी-डॅक या संस्थेत आहे, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब होय. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने डिजिटल आरोग्याचा स्पष्ट पुरस्कार केला. १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून या मोहिमेची घोषणा केली. सहा केंद्रशासित प्रदेशांत तिची चाचणी झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने ती देशभर लागू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी पाच वर्षांकरिता १,६०० कोटी रुपये मंजूर केले.

या रचनेचे चार आधारस्तंभ आहेत. पहिला स्तंभ म्हणजे ‘आभा’ हा रुग्णाचा १४ अंकी क्रमांक. दुसरा, रुग्णालये, दवाखाने आणि प्रयोगशाळा यांची नोंदवही. तिसरा, डॉक्टर आणि इतर आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा स्तंभ म्हणजे संमतीची व्यवस्था.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दिल्लीतील एखाद्या प्रचंड संगणकात सर्वांचे आजार साठवले जातात, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ही रचना विकेंद्रित आहे. नोंद जेथे तयार झाली तेथेच राहते. दुसऱ्या रुग्णालयाला ती हवी असल्यास विनंती पाठवावी लागते. कोणती माहिती, कोणत्या कारणासाठी, किती काळासाठी हवी, हे त्या विनंतीत नमूद असते. रुग्णाने होकार दिला तरच ती माहिती पुढे जाते आणि दिलेली संमती त्याला मागेही घेता येते. टपालखाते पत्र पोहोचवते, पण वाचत नाही. तसेच काहीसे हे आहे. मात्र पत्र ठेवणाऱ्या प्रत्येक घराचे दार नीट बंद होते ना, हे ज्याने त्याने पाहायचे असते. येथून रुग्णालयाची जबाबदारी सुरू होते.

दुसरा प्रश्न भाषेचा. एक डॉक्टर ‘डायबेटीस’ लिहितात, दुसरे ‘डीएम’, तिसरे ‘टाईप टू’ आणि रुग्ण सांगतो ‘साखरेचा आजार’. माणसाला या चारही शब्दांचा अर्थ एकच असल्याचे समजते, संगणकाला समजत नाही. म्हणून प्रत्येक निदानाला, तपासणीला आणि औषधाला ठराविक संकेतांक द्यावा लागतो. ‘स्नोमेड सीटी’ ही अशीच आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिभाषा असून भारत २०१४ पासून तिच्या संस्थेचा सदस्य आहे. समान परिभाषा नसेल तर संगणकीकरण म्हणजे कागदाचे छायाचित्र काढून ठेवणे एवढेच उरते. ते पाहता येते. पण औषधांचा परस्परविरोध ओळखून डॉक्टरांना वेळीच सावध करणे त्याला जमत नाही.

आकडा आणि आशय

शासनाने दिलेल्या माहितीनुसार फेब्रुवारी २०२५ पर्यंत ७३ कोटींहून अधिक आभा क्रमांक तयार झाले होते आणि सुमारे ४९ कोटी नोंदी त्यांना जोडल्या गेल्या होत्या. एवढ्या अवाढव्य देशात पाच वर्षांच्या आत हे काम झाले, याचे कौतुक केलेच पाहिजे. परंतु या दोन आकड्यांची तुलना केली तर असे दिसते की, सरासरीने एका क्रमांकामागे पुरती एक नोंदही येत नाही. घराला दार बसले आहे, आत सामान यायचे आहे.

क्रमांक काढणे मोहिमेने होते. नोंद मात्र रोज, प्रत्येक खाटेपाशी, प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात, थकलेल्या हातांनी लिहावी लागते. आरोग्यसेवेचा कायापालट क्रमांकाने होत नाही. तो त्या क्रमांकाशी जोडलेल्या खऱ्या, वाचनीय आणि वेळेवर केलेल्या नोंदीने होतो. या लेखातून प्रामुख्याने सांगावयाचे ते एवढेच.

दोन देशांचे दोन धडे

इस्टोनिया हा उत्तर युरोपातील सुमारे साडेतेरा लाख लोकवस्तीचा देश. तेथे २००८ च्या अखेरीस राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणाली सुरू झाली आणि २०१० मध्ये औषधांच्या चिठ्ठ्याही डिजिटल झाल्या. रुग्ण औषधांच्या दुकानात ओळखपत्र दाखवतो आणि औषध घेऊन जातो. या व्यवस्थेतील सर्वांत अनुकरणीय गोष्ट मात्र वेगळीच आहे. आपली नोंद कोणी, केव्हा उघडून पाहिली, हे तेथील प्रत्येक नागरिकाला स्वतः पाहता येते. विनाकारण डोकावणाऱ्याला जाब विचारता येतो. पाहणाऱ्यावरही कोणाची तरी नजर आहे, या जाणिवेतून तेथे विश्वास निर्माण झाला.

इंग्लंडचा अनुभव याच्या उलट आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००२ मध्ये संगणकीकरणाचा एक महाकाय कार्यक्रम हाती घेतला. मोजक्या मोठ्या कंपन्यांना कंत्राटे देऊन सर्व रुग्णालयांत वरून एकच व्यवस्था बसवायची, असा बेत होता. ज्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी ती वापरायची, त्यांना पुरेसे विश्वासात घेतले गेले नाही. कामे रखडली, खर्च १० अब्ज पौंडांच्या घरात गेला आणि सप्टेंबर २०११ मध्ये शासनाने तो कार्यक्रम मोडीत काढल्याचे जाहीर केले. पुढे रुग्णांची माहिती संशोधनासाठी एकत्र करण्याची आणखी एक योजना जनतेच्या अविश्वासामुळे २०१६ मध्ये गुंडाळावी लागली.

तथापि त्या पडझडीतूनही काही गोष्टी टिकल्या. त्यांपैकी एक म्हणजे ‘संक्षिप्त नोंद’. रुग्ण कोणती औषधे घेतो, त्याला काय मानवत नाही आणि पूर्वी कशाचा त्रास झाला, एवढीच माहिती तिच्यात प्रारंभी होती. अपघात विभागातील डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत हवी असते ती नेमकी एवढीच. सर्व काही एकदम करू पाहणारा आराखडा कोसळला, पण उपयोगाचे थोडके टिकले. साधनांची चणचण असलेल्या आपल्यासारख्या देशाने हा धडा गिरवण्याजोगा आहे.

एकाच्या नोंदीतून अनेकांचे हित

नोंदीचा पहिला लाभ ज्याची नोंद त्याला होतो, दुसरा समाजाला. अशा एकत्रित नोंदींमुळे एका औषधाचा छुपा धोका कसा उघडकीस आला, हे पाहण्यासारखे आहे. रोफेकॉक्सिब हे संधिवातावरील वेदनाशामक १९९९ पासून अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरले जात होते. कॅलिफोर्नियातील कैसर परमनेंटे या आरोग्य संस्थेकडील सुमारे १४ लाख वेदनाशामक घेणाऱ्या रुग्णांच्या संगणकीकृत नोंदी तपासल्यावर, या औषधाच्या मोठ्या मात्रेने हृदयविकाराचा धोका वाढतो असे दिसून आले. ऑगस्ट २००४ मध्ये हे निष्कर्ष मांडले गेले. दुसऱ्या एका स्वतंत्र चाचणीतही हृदयावरील धोका स्पष्ट झाल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये निर्मात्या कंपनीने ते औषध बाजारातून परत घेतले. दवाखान्यात बसलेल्या एकेका डॉक्टरला, वयोवृद्ध रुग्णाचा हृदयविकार औषधामुळे की वयामुळे, हे ओळखणे शक्य नव्हते. लाखो नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर ते दिसले.

असे उदाहरण शोधण्यासाठी परदेशातच जायला हवे असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावोगाव हिंडून कार्यकर्त्यांनी रुग्णांची माहिती गोळा केली. खेड्यातील कर्करोगाचे स्वरूप शहराहून निराळे आहे आणि स्त्रियांमधील गर्भाशयमुखाचा कर्करोग हा तेथील गंभीर प्रश्न आहे, हे या चिकाटीच्या कामाने ठोसपणे पुढे आणले. संगणकाच्या आधी माणसाची निष्ठा लागते, याचे यापरते दुसरे प्रमाण कोणते?

विश्वासाची कसोटी

डिजिटल नोंदीचे धोके झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कागदाची फाईल चोरायला चोराला खोलीत यावे लागते. डिजिटल नोंद चोरायला देशातही यावे लागत नाही. सिंगापूरमध्ये २०१८ साली एका रुग्णालय समूहाच्या १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली. त्यांत खुद्द पंतप्रधानांचाही समावेश होता. फिनलंडमध्ये २०२० साली त्याहून क्रूर प्रकार उघड झाला. मानसोपचार केंद्रांतून चोरलेल्या संभाषणांच्या टिपणांचा धाक दाखवून हजारो रुग्णांकडे थेट खंडणी मागण्यात आली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे हाताने करावी लागली.

या संदर्भात देशाचा कायदाही पुढे सरकला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आणि त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने रुग्णाच्या गोपनीयतेला विशेष संरक्षण दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित होऊन त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली.

तथापि कायदा पुस्तकात असतो आणि संमती खिडकीपाशी घेतली जाते. करोना लसीकरणाच्या काळात आधार कार्ड दाखवताच आरोग्य क्रमांक तयार झाला, पण आपल्याला काही विचारले नाही, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या होत्या. आभा क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. ही गोष्ट प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे, हे नोंदणी खिडकीचे कर्तव्य आहे.

आणखी एक नाजूक बाब. आपल्या असंख्य घरांत मोबाईल एकच असतो आणि तो बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. संमतीचा सांकेतिक क्रमांक त्या मोबाईलवर येतो. मग संमती कोणाची झाली? सुनेची तपासणी, मुलीचे औषध, आईचे मानसिक दुखणे, यांविषयी ‘होय’ म्हणण्याचा अधिकार नकळत मोबाईलधारकाकडे जातो. तंत्रज्ञानाने हा प्रश्न पूर्ण सुटणार नाही. परिचारिकेने किंवा समाजसेवा अधीक्षकांनी स्त्रीरुग्णाशी एकांतात बोलून तिची इच्छा जाणून घेणे, हाच त्यावर तूर्त खात्रीचा उपाय आहे.

आपले कर्तव्य

राष्ट्रीय व्यवस्था उभी करणे हे शासनाचे काम. परंतु तिच्यात प्राण ओतणे हे रुग्णालयांचे काम आहे. धर्मादाय रुग्णालयांवर तर ही जबाबदारी अधिकच आहे, कारण त्यांच्याकडे येणारा निर्धन रुग्ण हाच सर्वाधिक स्थलांतर करणारा आणि कागद सांभाळण्यास सर्वांत असमर्थ असा असतो.

विश्वस्तांनी या बाबतीत पाच गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

१. आरंभ लहान असावा. रक्तगट, न मानवणारी औषधे, चालू औषधे, मुख्य निदान आणि डिस्चार्ज कार्ड एवढे तरी प्रत्येक रुग्णाचे, निरपवादपणे, डिजिटल स्वरूपात असावे.

२. संगणक प्रणाली विकत घेताना ती राष्ट्रीय मानकांशी जुळणारी आहे का, आणि उद्या कंपनी बदलल्यास आपल्या नोंदी आपल्याला परत मिळतील का, हे करारात लेखी घ्यावे.

३. डॉक्टरांचे लक्ष रुग्णावरून पडद्याकडे वळू नये. माहिती भरण्यासाठी स्वतंत्र, प्रशिक्षित मनुष्यबळ द्यावे. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानंतर संगणकीकरण वेगाने झाले. पण टंकलेखनाच्या ओझ्याने डॉक्टर थकून गेले, हा अनुभव ताजा आहे.

४. नोंदींची प्रत निराळ्या, सुरक्षित ठिकाणी ठेवावी आणि संगणक बंद पडल्यास कागदावर काम कसे चालवायचे याचा सराव वर्षातून एकदा तरी करावा.

५. कोणी कोणती नोंद उघडली याची वही प्रणालीने आपोआप ठेवावी आणि ती कोणीतरी खरोखर तपासावी.

सुज्ञ देणगीदारांना एक नम्र निवेदन. डायलिसिस यंत्रासाठी, रुग्णवाहिकेसाठी, वॉर्डासाठी आपण सढळ हाताने देता आणि त्यावर आपल्या प्रियजनांच्या नावाची पाटी लागते; ते योग्यच आहे. नोंदीवर मात्र पाटी लावता येत नाही. नोंदलेखकाचा पगार, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, नोंदींच्या सुरक्षिततेचा वार्षिक खर्च यांसाठी देणगी मागणेही अवघड जाते, कारण दाखवायला काही नसते. तरीही न मानवणारे औषध ज्या रुग्णाला दिले गेले नाही, त्याच्या न आलेल्या संकटात त्या देणगीचा वाटा असतो. न घडलेल्या अपघाताचा समारंभ होत नाही. पण तो घडू नये म्हणून कोणीतरी खर्च केलेला असतो.

रुग्णांच्या कुटुंबीयांनीही आपला वाटा उचलावा. डिजिटल व्यवस्था पूर्णत्वास जाईपर्यंत जुने रिपोर्ट टाकून देऊ नयेत. घरातील प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधे आणि न मानवणारी औषधे एका कागदावर लिहून तो पाकिटात ठेवावा. डिस्चार्ज कार्ड मागून घ्यावे, त्यातील न कळलेले विचारावे. आभा क्रमांक काढताना तो कशासाठी, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणालाही सांगण्यापूर्वी, आपण कशाला होकार देत आहोत, हे समजून घ्यावे.

समारोप

रस्ता बांधला म्हणजे गावाला डॉक्टर मिळतोच असे नाही. पण रस्त्यावाचून डॉक्टर गावात पोहोचत नाही. राष्ट्रीय डिजिटल आरोग्यनोंदींचे तसेच आहे. त्या खाटांची संख्या वाढवणार नाहीत, औषध स्वस्त करणार नाहीत आणि परिचारिकेच्या मायेच्या हाताची जागा घेणार नाहीत. पण त्याच तपासण्या पुन्हा पुन्हा करण्याचा गरिबाचा खर्च त्या वाचवू शकतील, औषधाची घातक चूक टाळू शकतील आणि आपला आजार नव्याने सांगत दारोदार फिरण्याच्या यातनेतून रुग्णाची सुटका करू शकतील. इस्टोनियाने विश्वासाचे महत्त्व दाखवले, इंग्लंडने घाईचे दुष्परिणाम दाखवले आणि बार्शीने निष्ठेचे मोल दाखवले. या तिन्ही शिकवणी सोबत घेऊन, आज आपल्या रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद पूर्ण, खरी आणि सुरक्षित ठेवणे, एवढे आपल्या हाती निश्चितच आहे. देशाची नोंदवही अशा एकेका पानानेच भरणार आहे.